पहिल्या रात्रीचा दोर

महाड तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर खचला तो २२ जुलै २०२१ च्या दुपारनंतर. त्या चोवीस तासांत वर महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता. तो सगळा सावित्री नदीने खाली आणला. महाड शहरात पाणी शिरले, घाट बंद पडले, वीज गेली, फोन लागेनात. बाहेरची मदत तळियेला पोहोचली ती दुसऱ्या दिवशी. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी आल्या. या गावांमध्ये पहिल्या रात्री जे काही झाले ते शेजारच्या वाड्यांतल्या माणसांनी केले, हाताशी जे होते त्यावर केले.

प्रस्तुत पुस्तिका त्या माणसांसाठी आहे. तिचा विषय अगदी मर्यादित आहे: बचावाचा दोर, हार्नेस, कॅराबिनर, लाइफ जॅकेट, हेल्मेट ही साधने कशी सांभाळायची, कशी तपासायची, कधी टाकून द्यायची आणि प्रसंग आला तर निदान काय चुकवायचे नाही. शौर्याच्या कथा यात नाहीत. लेखकांनी त्या मुद्दाम टाळल्या आहेत, आणि मला ते योग्य वाटते. आपल्या भागात धाडसाची कमतरता कधीच नव्हती. कमतरता होती ती कोरड्या, मोजलेल्या, तपासलेल्या दोराची.

महाड आणि पोलादपूरचा भूगोल एकदा नीट डोळ्यांसमोर आणला पाहिजे, म्हणजे ही पुस्तिका इथेच का निघाली ते कळेल. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर, आणि महाड जवळजवळ समुद्रसपाटीला. दोघांमधले सरळ अंतर सुमारे तीस किलोमीटर. एवढ्या अंतरात सावित्री कड्यावरून पोलादपुरात उतरते आणि महाडला येते तेव्हा काळ आणि गांधारी याही नद्या त्याच परिसरात येऊन मिळतात. खालून खाडीच्या भरतीने पाण्याला अडवले की शहरात ते चढतच राहते. म्हणजे एकाच पावसात वर कडे आणि दरडी, मध्ये वेगाने धावणारे पाणी आणि खाली तुंबलेले पाणी, असे तीन वेगळे प्रसंग उभे राहतात. तिन्हींना लागणारी साधने वेगळी, आणि ती वापरण्याची रीतही वेगळी.

मागची वीसेक वर्षे आठवा. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातल्या जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी आल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्या व इतर वाहने पाण्यात गेली. गाड्यांचे सांगाडे सापडायला कित्येक दिवस लागले, शोध पार समुद्राच्या तोंडापर्यंत गेला. २४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. तिथे ढिगाऱ्यातून चार वर्षांचा एक मुलगा सुमारे एकोणीस तासांनी जिवंत बाहेर निघाला, ते दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना थांबायचे कधी नसते हे वेगळे सांगावे लागत नाही.

या यादीत २८ जुलै २०१८ चा दिवस या पुस्तिकेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे कर्मचारी महाबळेश्वरला सहलीला निघाले होते. पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढताना त्यांची बस दरीत गेली. एक जण झाडीला धरत वर रस्त्यावर आला आणि त्याने कळवले. बाकी कोणी वाचले नाही. पाऊस, धुके, निसरडा कातळ आणि शेकडो फूट खोल दरी. त्या दरीत उतरून एकेक मृतदेह वर आणण्याचे काम एनडीआरएफच्या जवानांबरोबर महाबळेश्वर, पोलादपूर आणि महाड भागातल्या ट्रेकर मंडळींनी दोरांवर केले.

त्या कामाचा विचार दोराच्या बाजूने करून पाहा. ट्रेकमध्ये दोरावर एक माणूस येतो आणि त्याचे वजन थोडा वेळ पडते. दरीतून स्ट्रेचर ओढताना वरची दहा-बारा माणसे ओढत असतात, खाली ओझे कुठेतरी खडकात अडकते, आणि वरच्यांना ते दिसत नसल्यामुळे ती आणखी जोर लावतात. दोर रस्त्याच्या कठड्यावर, डांबराच्या कडेवर, जांभ्याच्या आणि काळ्या कातळाच्या धारेवर पुन्हा पुन्हा घासतो. चिखलातली वाळू त्याच्या आवरणातून आत शिरते. नायलॉन भिजले की त्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते, आणि गाठ मारली त्या जागी ती आणखी पाव ते तृतीयांश घटते. असा दिवसभर राबलेला दोर संध्याकाळी गुंडाळून जीपमध्ये टाकला जातो. त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न या पुस्तिकेने विचारला आहे. तो विचारला जावा असे मला फार वर्षे वाटत होते.

बचावाच्या साधनाचा स्वभावच असा की त्याचा वापर क्वचित होतो. रोजची अवजारे रोज हाताळली जातात, म्हणून त्यांचा दोष लगेच कळतो. कोयत्याची मूठ सैल झाली तर पहिल्याच घावाला समजते. पिशवीत बंद असलेल्या दोराचा दोष मात्र त्याच्यावर माणूस लटकतो तेव्हाच कळतो. म्हणून ज्यांचे साधन आयुष्यात बहुधा एकदाही वापरात येत नाही, आणि आले तर दुसरी संधी मिळत नाही, अशा लोकांनी त्याची निगा कशी राखली हे पाहणे आपल्या फार उपयोगाचे आहे. ग्लायडरचे वैमानिक हे तसे लोक.

पुण्याला हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रामुळे इंजिन नसलेले हे विमान महाराष्ट्राला अपरिचित नाही. ग्लायडर तापलेल्या हवेच्या वर चढणाऱ्या प्रवाहात गिरक्या घेत उंची मिळवते, आणि एका प्रवाहात अनेक ग्लायडर एकत्र आले की टक्कर होण्याचा धोका असतो. म्हणून वैमानिक पाठीवर आणीबाणीचे पॅराशूट बांधूनच बसतो. बहुतेक वैमानिक ते कधीही न उघडता निवृत्त होतात. तरीही त्या पॅराशूटचे नियम कडक आहेत. अमेरिकेत कृत्रिम धाग्याचे असे पॅराशूट मागच्या १८० दिवसांत अधिकृत रिगरने उघडून, तपासून, पुन्हा घडी घातलेले नसेल तर ते घेऊन उडता येत नाही. रेशमासारख्या नैसर्गिक धाग्याचे असेल तर ही मुदत ६० दिवसांची. घडी घालणाऱ्याचे नाव, तारीख आणि सही असलेले एक कार्ड पॅराशूटच्याच खिशात असते, आणि उघडण्याच्या पिनेवर दोऱ्याने बांधलेले शिशाचे सील असते. पॅराशूट कोणी हाताळले, कधी हाताळले, हे कोणालाही विचारावे लागत नाही.

रोजच्या वापराचे नियम तर आणखी शिकण्यासारखे. पॅराशूट ओल्या गवतावर ठेवायचे नाही. उन्हात तापलेल्या कॉकपिटमध्ये सोडायचे नाही, कारण उन्हातली अतिनील किरणे नायलॉन खातात. घामाने पट्टे भिजले तर सावलीत वाळवायचे. तेल, बॅटरीचे आम्ल, उंदीर यांपासून दूर ठेवायचे. उड्डाणाआधी पिना वाकल्या आहेत का, मूठ जागेवर आहे का, हे रोज पाहायचे. आणि एक सवय मुद्दाम लावायची: जमिनीवर उतरल्यावर पॅराशूटचे पट्टे बसल्याजागी सोडायचे नाहीत, पॅराशूट अंगावर ठेवूनच बाहेर पडायचे आणि मग ते उतरवायचे. कारण हवेत खरोखर उडी मारायची वेळ आली की क्रम असा असतो: डोक्यावरचे पारदर्शक झाकण फेकायचे, सीटचे पट्टे सोडायचे, बाहेर पडायचे, मूठ ओढायची. घाईत हात सवयीने चालतात. ज्याला रोज बसल्याजागी दोन्हीकडचे पट्टे सोडायची सवय आहे, तो त्या क्षणीही दोन्ही सोडेल आणि पॅराशूटशिवाय बाहेर पडेल.

ही गोष्ट मी इतकी विस्ताराने सांगितली, कारण पुस्तिकेचे पहिले प्रकरण तिच्यावरच उभे आहे. आपल्याकडे कड्यावर उतरणाऱ्या मुलाचे हार्नेस दुसऱ्याने हात लावून तपासायचे, कॅराबिनरचा स्क्रू बंद आहे हे मोठ्याने म्हणायचे, हा रिवाज चांगल्या ट्रेकिंग संस्थांत आहे. सरावात तो पाळला तरच रात्री अकरा वाजता, पावसात, वरून कोणी ‘लवकर सोडा’ म्हणून ओरडत असताना पाळला जातो.

आता दोराकडे वळू. पुस्तिकेतले हे सर्वांत मोठे प्रकरण आहे आणि ते सावकाश वाचावे. बचावाचा दोर दोन भागांचा असतो. आतला गाभा बहुतेक वजन पेलतो, वरचे विणलेले आवरण त्याला सांभाळते. आवरण ठीक दिसले म्हणून गाभा ठीक असेलच असे नाही. त्यासाठी दोर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीतवीत बोटांतून सरकवत न्यायचा, दर थोड्या अंतरावर त्याचा फास करून दाबून पाहायचा. निरोगी दोर गोल वळतो. जिथे तो एकदम चपटा मोडतो, पोकळ किंवा गाठाळ लागतो, तिथे आत काहीतरी तुटले आहे. हे काम डोळ्यांपेक्षा बोटांचे आहे आणि त्याला वेळ लागतो. पन्नास मीटरचा दोर पाच मिनिटांत तपासून झाला असे कोणी सांगितले तर तो तपासलेला नाही.

दोर कुठला हेही पाहायला हवे. प्रस्तरारोहकांचा ताणला जाणारा दोर पडणाऱ्या माणसाला झेलण्यासाठी असतो. त्यावर स्ट्रेचर खाली सोडायला गेलात तर ते रबरासारखे वरखाली होत राहते. बचावाला कमी ताणाचा, साडेदहा-अकरा मिलिमीटर जाडीचा स्टॅटिक दोर लागतो. हार्डवेअरच्या दुकानातला पिवळा-निळा पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त, हलका आणि पाण्यावर तरंगणारा. पाण्यात फेकायला तो चांगला, पण माणूस लटकवायला मुळीच नाही: तो घर्षणाने लवकर वितळतो आणि उन्हाने लवकर ठिसूळ होतो. शिवाय नवा स्टॅटिक दोर पहिल्यांदा भिजला की काही टक्के आखडतो. पन्नास मीटर म्हणून घेतलेला दोर प्रत्यक्ष दरीत कमी पडू नये म्हणून आधी भिजवून, सावलीत वाळवून मग मोजावा आणि ते माप लिहून ठेवावे.

आपल्या हवेचा विचार करून लिहिलेली पाने मला सर्वांत मोलाची वाटली, कारण बाहेरून येणाऱ्या माहितीपत्रकांत ती नसतात. महाड-पोलादपुरात जून ते सप्टेंबर काहीही पूर्ण वाळत नाही. नायलॉन कुजत नाही हे खरे, पण ओला दोर बंद पिशवीत राहिला की बुरशी येते, चिखल आत बसतो, आणि वाळूचे कण पुढच्या वापरात धागे आतून कापतात. म्हणून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुणे, ब्लीच कधीही न वापरणे, आणि छपराखाली, वारा लागेल असा सैल पसरून वाळवणे. चुलीच्या वर किंवा धुरात मुळीच टांगू नये. उन्हातही वाळवू नये. ऊन आणि धग दोन्ही नायलॉनचे शत्रू.

दुसरा धोका आम्लाचा. नायलॉनला आम्ल लागले की त्याची ताकद जाते आणि बाहेरून फारसे काही दिसत नाही. आपल्याकडे महाड एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत, आणि गावोगाव दोर ठेवला जातो तो बहुधा जीप-टेम्पोच्या मागे, जुन्या बॅटरीशेजारी. अशा गाडीत दोर ठेवायचाच असेल तर झाकण असलेल्या प्लास्टिकच्या पिंपात ठेवा, आणि आम्ल किंवा कुठलेही अनोळखी रसायन लागल्याचा नुसता संशय आला तरी दोर काढून टाका. कारखान्याच्या कुठल्याही बचावात वापरलेला दोर पुन्हा कड्यावर वापरू नये, असे लेखकांनी स्पष्ट लिहिले आहे. मी त्याला दुजोरा देतो. तिसरा धोका उंदीर आणि घुशी. भाताच्या कोठीशेजारी ठेवलेली पिशवी एका हंगामात कुरतडली जाते.

आणि वय. न वापरलेला दोरही बहुतेक उत्पादक दहा वर्षांपलीकडे वापरू देत नाहीत. ज्याच्यावर मोठा झटका बसला, ज्याचा गाभा दिसू लागला, ज्याचा इतिहास कोणालाच माहीत नाही, तो दोर त्या दिवशीच बाद. बाद केलेला दोर तसाच ठेवला तर कोणीतरी घाईत उचलतो. म्हणून त्याचे हातभर लांबीचे तुकडे करायचे, म्हणजे तो पुन्हा कोणाला वापरताच येत नाही. दान म्हणून आलेल्या, तारीख नसलेल्या दोरांबाबत हे मनाला लागते, देणाऱ्याचा अपमान केल्यासारखे वाटते. पण देणाऱ्याला सांगावे की पुढच्या वेळी पावती आणि उत्पादनाची तारीख दोराबरोबर द्या. बहुतेक लोक आनंदाने देतात.

लाइफ जॅकेटबद्दल थोडक्यात. पाण्यात माणसाचे डोके वर ठेवायला तीन ते पाच किलोचा उठाव पुरतो, आणि जॅकेटवर तो न्यूटनमध्ये लिहिलेला असतो: ५० न्यूटन म्हणजे सुमारे ५ किलो. हा उठाव देतो आतला फोम. जॅकेट उशी म्हणून बसायला वापरले, पोत्यांखाली दाबले, तर फोम चेपतो आणि कापड नवेकोरे दिसत असले तरी उठाव कमी होतो. तपासणी गावातल्या विहिरीतही होते. ५० न्यूटनच्या जॅकेटला ५ किलोचे लोखंडी वजन घट्ट बांधा, परत ओढायला वेगळी दोरी लावा आणि रात्रभर पाण्यात सोडा. सकाळी ते तरंगत असले पाहिजे. बुडाले असेल तर ते जॅकेट कोणाच्या अंगावर चढवू नका. मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तो बांधायलाच हवा, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकून कानांशी येते आणि माणूस खाली राहतो. गॅसच्या नळीने आपोआप फुगणारी जॅकेटे पुरासाठी घेऊ नयेत: काटक्या-पत्र्यांनी ती फाटतात, आणि आपल्या दमट हवेत काहींची आपोआप फुगण्याची यंत्रणा कपाटातच सुटते.

वापराच्या प्रकरणातला एक नियम मी इथेच सांगून ठेवतो, कारण पुस्तिका पूर्ण वाचायला वेळ नसलेल्यानेही तो जाणला पाहिजे. वाहत्या पुरात उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून त्याचे दुसरे टोक काठावर धरू नका. प्रेमाने, काळजीने लोक हेच करतात. दोर ताणला की प्रवाह त्या माणसाला पाण्याखाली दाबतो, आणि काठावरचे जितके घट्ट धरतील तितका तो खाली राहतो. पुरात आधी काठावरून दोर फेकायचा. फेकलेले टोक हाताने धरता येते आणि सोडताही येते. सावित्री, काळ आणि गांधारीच्या काठच्या प्रत्येक गावात पंधरा-वीस मीटर तरंगता दोर भरलेली फेकायची पिशवी असावी, आणि ती फेकण्याचा सराव एप्रिल-मे महिन्यात नदीच्या कोरड्या पात्रात व्हावा.

पुस्तिका काय शिकवत नाही तेही सांगितले पाहिजे. ती वाचून कोणी आंबेनळीच्या दरीत उतरू नये. दोरावरचे काम अनुभवी हाताखाली, उजेडात, लहान कड्यावर शिकायचे असते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या आपदा मित्र योजनेतून गावपातळीवर स्वयंसेवक तयार झाले आहेत, त्यांना साधनेही मिळाली आहेत. सुदुंबऱ्याच्या एनडीआरएफच्या पाचव्या तुकडीतले जवान पावसाळ्यात महाडला मुक्कामी असतात. त्यांच्याकडून शिकण्याची संधी गावांनी सोडू नये. तरीही पोलादपूर तालुक्यातल्या कापडे किंवा उमरठच्या पलीकडच्या एखाद्या वाडीचा रस्ता तुटला की पहिले काही तास वाडीचेच असतात, आणि त्या तासांत जे साधन वापरले जाईल ते वाडीतलेच असेल.

साधन देणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. प्रत्येक आपत्तीनंतर पैसा येतो, साहित्य येते, फोटो निघतात. मग ते साहित्य एखाद्या कार्यालयाच्या मागच्या खोलीत जाते, किल्ली ज्याच्याकडे असते त्याची बदली होते, आणि पुढच्या जुलैत कुलूप तोडायची वेळ येते. मी हे अनेक ठिकाणी पाहिले आहे. देणाऱ्याने दोन दोर देण्याऐवजी एकच द्यावा आणि उरलेल्या पैशात तो ठेवायचे पिंप, टांगायची खुंटी आणि वर्षातून दोनदा तपासणाऱ्या माणसाचा प्रवासखर्च द्यावा. ज्याच्या ताब्यात साधन आहे त्याचे नाव गावाला माहीत हवे, आणि तो गावातच राहणारा हवा.

यासाठी पुस्तिकेच्या शेवटी पॅराशूटच्या कार्डाच्या धर्तीवर एक कोरे कार्ड छापले आहे. ते कापून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून दोराच्या पिशवीतच ठेवायचे आहे. त्यावर दोराची जाडी, भिजवून मोजलेली लांबी, उत्पादनाचे वर्ष, प्रत्येक वापराची तारीख आणि जागा, आणि प्रत्येक तपासणीची तारीख व सही यांना जागा आहे. दोराच्या अंगावर मार्करने काही लिहू नका, शाईतल्या द्रावकांनी धागा बिघडू शकतो. टोकाला टेप गुंडाळून त्यावर लिहा. पहिली तपासणी मृगाच्या आधी करायची, दुसरी पाऊस ओसरल्यावर भातकापणीपूर्वी. तिसरी प्रत्येक वापरानंतर, कितीही दमला असाल तरी दोर धुतल्यावर आणि पुन्हा पिशवीत जाण्याआधी.